जुना पॅक निघाला, नवा बसला, नोंद कुठे?

प्रश्न : चाकणच्या आमच्या कारखान्यातून इलेक्ट्रिक स्कूटर युरोपात जातात. तिथे बॅटरीला पासपोर्ट लागणार आहे. विक्रीनंतरच्या सेवा विभागाने काय तयारी करावी?

उत्तर : युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमावलीनुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा आहे. 25 किलोपर्यंतची सीलबंद स्कूटर-बॅटरीही त्यात येते, त्यामुळे गाडी लहान म्हणून निश्चिंत राहू नका. त्या तारखेनंतर सुटा भाग म्हणून पाठवलेल्या पॅकलाही हाच नियम.

खरी गोम वर्कशॉपमध्ये आहे. पासपोर्ट मॉडेलचा नसतो, प्रत्येक पॅकचा वेगळा असतो. क्यूआर कोडवरून तो उघडतो. चार्जिंगच्या फेऱ्या, अपघातासारख्या घटना, बॅटरीची सध्याची स्थिती, असा तिचा इतिहास त्यात येतो. जॉबकार्डवर मात्र अनेकदा चेसिस नंबर आणि पार्ट नंबर एवढंच असतं. वॉरंटीत पॅक बदलला की जुना कुठल्या गाडीतून निघाला आणि नवा कुठे बसला, हा धागा तिथेच तुटतो. म्हणून दोन्ही पॅकचे अनुक्रमांक हाताने न लिहिता स्कॅनच करायला लावा, आणि स्कॅन नसेल तर क्लेम मंजूर करू नका. माझ्या मते हे आजपासूनच सुरू करावं.

काढलेला पॅक नव्याने बांधून किंवा दुसऱ्या वापरासाठी कुणी बाजारात आणला, तर जबाबदारी त्याच्याकडे जाते आणि मूळ पासपोर्टशी जोडलेला नवा पासपोर्ट त्याला काढावा लागतो. जुने पॅक कोण ताब्यात घेणार, हे तिथल्या वितरकांच्या करारात स्पष्ट लिहून घ्या.