लॅबिरिंथ कॅन्यन: वाळवंटातल्या नदीवर स्वतःच्या भरवशावर

अमेरिकेतली आपली बरीच मंडळी युटाला जातात, आर्चेस पाहतात, कॅन्यनलँड्सच्या कड्यांवर उभी राहून खाली वाकड्यातिकड्या जाणाऱ्या ग्रीन नदीचे फोटो काढतात आणि परततात. त्या नदीवरून कयाक वल्हवत जाता येतं, तेही वाटाड्या न घेता. लॅबिरिंथ कॅन्यनच्या टप्प्यात मोठे खळाळ नाहीत, त्यामुळे वल्हवण्याचा थोडाफार सराव असलेल्या नवशिक्यांनाही तो जमतो. मात्र वाटेत ना नळ, ना दुकान, ना मोबाइलला भरवशाची रेंज. सगळी तयारी काठावरच पक्की करावी लागते.

मार्ग
ग्रीन रिव्हर गावातल्या स्टेट पार्कच्या धक्क्यावरून निघून मिनरल बॉटमला बाहेर पडायचं. अंतर 68 मैल, म्हणजे सुमारे 109 किलोमीटर. चार-पाच दिवस हाताशी ठेवा. रजा कमी असेल तर रूबी रँचवरून सुरुवात करा. तिथून 45 मैल उरतात. ही जागा खासगी आहे, उतरण्याचे पैसे द्यावे लागतात. मिनरल बॉटमचा कच्चा रस्ता कड्यावरून तीव्र वळणं घेत उतरतो आणि पावसात धोकादायक होतो. मोअॅब गावातल्या शटलवाल्यांना ही वळणं सवयीची असतात, म्हणून परतीची गाडी त्यांच्याकडेच ठरवावी.

मिनरल बॉटमच्या पुढे स्टिलवॉटर कॅन्यन लागतो. त्यासाठी कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचं वेगळं परमिट लागतं. 52 मैलांवर कोलोराडो नदीचा संगम आहे, पण तिथे गाडीरस्ता नाही. आधी बुक केलेल्या जेटबोटीनेच मोअॅबला परतावं लागतं, कारण संगमाच्या थोडं पुढे कॅटरॅक्ट कॅन्यनचे भयंकर खळाळ सुरू होतात. पहिल्या खेपेला मिनरल बॉटमलाच थांबावं.

कधी जावं
मेअखेर ते जून बर्फ वितळून नदी फुगते, वाळूचे पट्टे पाण्याखाली जातात आणि डास हैराण करतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो, वर वळवासारखे पाऊस येऊन बाजूच्या घळींना अचानक लोंढे येतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरची सुरुवात उत्तम. तेव्हा पाणी उतरलेलं असतं आणि मुक्कामाला वाळू भरपूर मिळते.

पाणी
माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच दिवसांचे झाले वीस लिटर, म्हणजे वीस किलो. छोट्या हौशी कयाकमध्ये एवढं मावत नाही. सामानाचे कप्पे असलेली लांब कयाक किंवा सरळ कनू भाड्याने घ्या. जड कॅन तळाशी आणि मधोमध ठेवा.

नदीचं पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ असतं. थेट फिल्टरला लावलं तर तो थोड्याच वेळात तुंबतो. त्यावर इथल्या जुन्या नावाड्यांचा उपाय म्हणजे आपली तुरटी. संध्याकाळी बादली भरून चिमूटभर पूड टाका, ढवळा आणि हलवू नका. सकाळी तळाशी गाळाचा थर बसलेला असतो. वरचं पाणी अलगद ओतून घ्या आणि मगच फिल्टर करा.

नियम
लॅबिरिंथसाठी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं परमिट लागतं. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, शेकोटीसाठी धातूचं तसराळं आणि फिरतं शौचालय सक्तीचं आहे. विष्ठा आणि राख दोन्ही सोबत परत आणायची. लघवी मात्र नदीतच करायची. सह्याद्रीत आपण पाण्यापासून लांब जायला शिकलेलो असतो, त्यामुळे हे विचित्र वाटतं; पण इथे पाऊस इतका कमी की वाळूवर केली तर मुक्कामाची जागा दिवसेंदिवस घाण मारत राहते.

दिवसाचा क्रम
उजाडताच निघा. दुपारनंतर बऱ्याचदा समोरून वारा सुटतो आणि हात थांबले तर कयाक उलटी मागे सरकते. काठावर टॅमॅरिस्कची दाट झुडपं माजलेली आहेत, उतरायला जागा सहज सापडत नाही. तिसऱ्या प्रहरी चांगला वाळूचा पट्टा दिसला तर पुढच्याचा मोह धरू नका. ओल्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आधी वल्ह्याने चाचपून बघा. घळीच्या तोंडाशी तंबू नको. रात्री पाणी चढू शकतं, म्हणून कयाक वर ओढून बांधून ठेवा.

काय पाहावं
बोनॉट बेंड चुकवू नका. इथे नदी सुमारे सात मैलांचा फेरा मारून जवळजवळ त्याच जागी परत येते. मधल्या अरुंद खिंडीवर चढलं की दोन्ही बाजूंना एकच नदी दिसते. या नदीवरच्या 1869च्या मोहिमेत संशोधक जॉन वेस्ली पॉवेलने या वळणाला हे नाव दिलं. शेवटच्या टप्प्यात हेल रोअरिंग कॅन्यनमध्ये डी. ज्युलियन या फर व्यापाऱ्याने 1836 साली कोरलेलं नाव आणि शेजारी होडीचं चित्र आहे. पाहा, हात लावू नका.

निघण्यापूर्वी घरच्या कुणाकडे मार्ग आणि बाहेर पडण्याची तारीख लिहून द्या. पाणी आणि परतीची गाडी या दोन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय नदीत उतरू नका.