जनाजा पाहून उभे राहणे



बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक लहानसा प्रसंग आला आहे. सहल बिन हुनैफ (रजि.) आणि कैस बिन सअद (रजि.) हे दोन सहाबी कादिसिया येथे बसले असता समोरून एक जनाजा गेला. दोघेही उठून उभे राहिले. तो तेथील गैरमुस्लिम प्रजाजनाचा असल्याचे लोकांनी सांगितले. तेव्हा त्यांनी आठवण सांगितली, की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोरूनही एका यहुदी माणसाचा जनाजा गेला होता आणि प्रेषित (स.) उभे राहिले होते. मृत व्यक्ती यहुदी आहे असे कुणी म्हणताच प्रेषित (स.) यांनी विचारले होते, की तो मनुष्यजीव नव्हता काय? जनाजा पाहून उभे राहण्याच्या हुकुमाबाबत फिक्हच्या इमामांत मतभेद आहेत; या प्रश्नातील शिकवणीबाबत मात्र नाहीत.

ही हदीस मी मदरशात पाठ केली होती. तिचा अर्थ मला पनवेलमध्ये अकरावीच्या एका विद्यार्थ्याने समजावला.

१५ मार्च २०१९, शुक्रवार. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरात अल-नूर आणि लिनवुड या दोन मशिदींत जुम्याच्या वेळी एका माथेफिरूने गोळीबार केला. एक्कावन्न जीव गेले. त्यांत काही भारतीयही होते. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर हा मुलगा माझ्याकडे आला. हल्ल्याचे चित्रीकरण त्याने मोबाईलवर पाहिले होते. त्याचे हात थरथरत होते. तो क्रोध स्वाभाविक होता. मी त्याला एवढेच सांगितले, की ते दृश्य पुढे पाठवू नकोस, मारेकऱ्याला तेच हवे आहे. पुढच्या जुम्याला आम्ही मृतांसाठी दुआ केली. त्याच दिवशी ख्राइस्टचर्चच्या हॅगली पार्कमध्ये पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांच्यासह हजारो बिगरमुस्लिम लोक मुस्लिमांसोबत उभे होते. पनवेलमध्ये या मुलाच्या वर्गातील एका ख्रिस्ती मित्राने त्याला घरी बोलावून धीर दिला होता.

महिनाभराने, २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी श्रीलंकेत तीन चर्च आणि कोलंबोतील मोठी हॉटेले स्फोटांनी हादरली. अडीचशेहून अधिक माणसे मेली. हल्लेखोर स्वतःला मुसलमान म्हणवणारे होते. या वेळी मुलगा गप्प होता. काही दिवसांनी तो म्हणाला, “मौलाना, माझा मित्र माझ्याशी नीट बोलत नाही. पण मी का खुलासा द्यायचा? मी काय केलंय?”

त्याचा प्रश्न रास्त होता. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व कुरआनने सूरह अल-अन्आमसह अनेक ठिकाणी सांगितले आहे. मी म्हणालो, “खुलासा देऊ नकोस. पण त्याने तुझ्याकडे खुलासा मागितला होता का?” तो विचारात पडला. मित्राने काहीच मागितले नव्हते. त्याने फक्त वाट पाहिली होती.

खुलासा आणि सांत्वन यांत फरक आहे. खुलासा आरोपी देतो; सांत्वन शेजारी करतो. आपल्यावर आरोप होईल या भीतीने आपण सांत्वनही विसरतो, तेव्हा हल्लेखोराने आखलेली रेषा आपणच गडद करतो. सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीचा आशय असा, की एखाद्या समूहाविषयीच्या वैराने तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये. न्याय हाच तक्‌व्याच्या जवळचा आहे. दुःखाचे वाटप करतानाही हा न्याय लागू आहे. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तेथील बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली. तो कुणाला दिलेला खुलासा नव्हता. आपण कोणासोबत उभे आहोत याचा तो निर्णय होता.

येथे एक कबुली देणे माझे कर्तव्य आहे. २६ एप्रिलच्या जुम्याला, श्रीलंकेतील हल्ल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, मी त्या मृतांविषयी एक शब्दही बोललो नव्हतो. विषय नाजूक आहे, लोक काय म्हणतील, असे मनात आले होते. मुलगा गप्प होता, कारण त्याचा इमाम गप्प होता. ही चूक मी त्याच्याजवळ मान्य केली आणि पुढच्या जुम्याला मिंबरवरूनही.

“आता उशीर झाला असेल ना?” त्याने विचारले. मी म्हणालो, “वेळेवर न पढलेल्या नमाजची कजा असते. ती पढायची असते, सोडून द्यायची नसते.” दुसऱ्या दिवशी तो मित्राच्या घरी गेला. तेथे काय बोलणे झाले, हे मी विचारले नाही.

तरुण वाचकहो, दूरदेशीची अशी बातमी पुन्हा येईल. तेव्हा मारणाऱ्याचे नाव शोधण्याआधी मरणाऱ्यासाठी उभे राहा. ऐकीव मजकूर पडताळल्याविना पुढे पाठवू नका. सूरह अल-हुजुरातची तीच ताकीद आहे. आणि आपल्या आळीत, वर्गात, कचेरीत त्या बातमीने कोण दुखावले आहे ते पाहून त्याच्याकडे स्वतः जा.

अल्लाह आपणा सर्वांना न्यायाने शोक करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.