भरलेले घर आणि गव्हाणी

(नाताळाचा कौटुंबिक पाठ. शास्त्रभाग : लूक 2:1-38, मत्तय 2:9-11)

रविवारच्या शाळेच्या नाताळ-नाटिकेत एक पात्र हमखास असते : दार लावून घेणारा उतारशाळेचा मालक. मोठ्या आवाजाच्या मुलाला हे काम मिळते आणि टाळ्याही त्यालाच जास्त पडतात. परंतु लूककृत शुभवर्तमान उघडून पाहावे. तेथे मालक नाही, आणि कोणी दार लावल्याचेही लिहिलेले नाही.

आपण ज्याला उतारशाळा म्हणतो तेथे मूळ ग्रीकमध्ये 'काटालुमा' हा शब्द आहे. वल्हांडणाच्या भोजनासाठी प्रभूने जी खोली विचारली (लूक 22:11), तिच्यासाठीही लूकने हाच शब्द वापरला आहे. म्हणजे पाहुण्यांना उतरण्याची खोली. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेसाठी मात्र त्याने निराळा शब्द घातला आहे, आणि तेथे मालकही आहे (लूक 10:34-35). यावरून काही अभ्यासक असे मानतात की, योसेफ आपल्या पूर्वजांच्या गावी कोणा नातलगाकडेच उतरला असावा. नावनिशीमुळे ते घर आधीच भरले होते, पाहुण्यांची खोली रिकामी नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवले. तिकडच्या साध्या घरांत जनावरे रात्री घराच्याच खालच्या भागात बांधीत. आपल्या खेड्यांतून गोठा आणि सोपा एका छपराखाली असलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये. मागी लोकही 'घरात' गेले असे मत्तय लिहितो. हा अर्थ सर्वांना मान्य आहे असे नाही. मला तो पटतो.

नाताळात आपलीही घरे अशीच भरतात. वडोदऱ्याहून, हैदराबादहून, इंदूरहून भावंडे मुलाबाळांसह येतात. दोन खोल्यांत चौदा माणसे, सोप्यावर ओळीने अंथरुणे, आणि आजीच्या कुशीत कोणी झोपायचे यावरून नातवंडांची भांडणे. ही दाटी म्हणजे नाताळात आलेली अडचण नव्हे. तारणारा अशाच दाटीत जन्मला. अडचण वेगळीच असते. थोरल्या भावाशी वाटणीवरून बोलणे बंद आहे, म्हणून त्याच्या मुलांना बोलावणेच जात नाही. मुले विचारतात, 'दादा का आला नाही?' आणि मोठी माणसे करंजीचे ताट पुढे सरकवतात. घरातली सून पहाटेपासून चुलीपाशी असते. कौटुंबिक उपासनेचे गीत तिला स्वयंपाकघरातूनच ऐकावे लागते. आजोळची मंडळी ख्रिस्ती नाहीत, म्हणून प्रार्थनेच्या वेळी त्यांना बाहेर बसवावे की जेवताना उपदेश करावा, असा घोळ पडतो. दोन्ही करू नये. त्यांना सतरंजीवर आपल्या शेजारी बसवावे, मूल त्यांच्या मांडीवर द्यावे. ते मूलच गोष्ट सांगेल. बोलावण्याविषयी मात्र मी स्पष्ट लिहितो : चिठ्ठी किंवा फोन पुरत नाही. थोरल्याच्या दारी धाकट्याने जावे, आणि मुलांना बरोबर न्यावे.

खर्चाविषयी थोडेसे. चाळिसाव्या दिवशी मरीया व योसेफ यांनी मंदिरात पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण केले. कोकरू आणण्याची ऐपत नसलेल्यांसाठी नियमशास्त्रात ती सवलत होती (लेवीय 12:8). तेव्हा चुलतभावंडांच्या बरोबरीचे कपडे हवेत म्हणून कर्ज काढणाऱ्या आईबापांनी हा भाग वाचावा. आणि मुंबईकर काकांनीही वाचावा, ज्यांच्या भेटीपुढे बाकीच्यांच्या भेटी फिक्या पडतात.

त्याच मंदिरात त्या बाळाला हातात घेणारा शिमोन होता, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना होती. तान्ह्याला प्रथम ओळखणाऱ्यांत म्हातारी माणसे होती, हे विसरू नये. म्हणून 24 तारखेच्या संध्याकाळची गोष्ट घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाने सांगावी, मग ते अडखळले तरी चालेल. पंधरा मिनिटांहून लांबवू नये. पाच वर्षांच्या आतली मुले तेवढीच बसतात. गव्हाणीचा देखावा मातीचा नाजूक करून उंच मांडण्यापेक्षा टोपलीत गवत घालून खाली ठेवावा, म्हणजे लहानग्यांना बाहुली उचलून पुन्हा निजवता येते. इ. स. 1223 मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी असेच खरे गवत, बैल व गाढव आणून लोकांना ख्रिस्तजन्म दाखवला होता. बैल-गाढव लूकमध्ये नाहीत, यशयाच्या पहिल्या अध्यायातून ते आपल्या चित्रांत आले. पण मुलांना ते हवे असतात, राहू द्यावेत.

शिक्षक बंधुभगिनींनी या वर्षी नाटिकेत मालकाऐवजी भरलेले घर दाखवून पाहावे. आत्या, काकू, निजलेली मुले, कोपऱ्यात जनावर. कोणीतरी आपली वळकटी सरकवते आणि मरीयेला जागा करून देते. मग वर्गाला विचारावे : तुमच्या घरी यंदा कोण येणार नाही, आणि त्याला आणायला कोण जाणार?