बुलेटचं क्रोम काळं करायचंय? आधी खर्च बघा

बुलेट किंवा क्लासिक ३५० चं क्रोम घरी काळं करायला साधारण तीन हजार रुपये धरून चाला. शहर आणि ब्रँडप्रमाणे आकडा इकडेतिकडे होईल, पण त्यात काळ्या रंगाचे दोन स्प्रे कॅन जेमतेम साडेसहाशेचे. उरलेला पैसा तयारीचं सामान, मास्क आणि सायलेन्सरच्या रंगावर जातो, आणि जवळपास सगळा वेळ रंग धातूला धरावा म्हणून. तिथे हात आखडला की महिन्याभरात लेगगार्डवरचे पापुद्रे नखाने निघायला लागतात.

वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, त्याखाली निकेल, मग पोलाद. पातळ असला तरी तो काचेसारखा गुळगुळीत, त्यामुळे रंगाला पकड मिळत नाही. म्हणून ३२० किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर आणायचा (चार-पाच कागद, शंभराच्या आत), बादलीत पाणी आणि साबणाचे दोन थेंब घ्यायचे आणि चमक पूर्ण मरेपर्यंत घासायचं. हेडलाइटच्या रिंगची आतली कड, जिथे बोट नीट शिरत नाही, तिथेच माणूस कंटाळतो आणि रंग सोलायला सुरुवातही तिथूनच होते. घासून धुतल्यावर त्या भागावर स्वच्छ पाणी ओता. पाणी थेंबाथेंबाने गोळा झालं तर ओशटपणा उरलाय, सलग पसरलं तर पुढे जा. घासताना पिवळसर झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही, ते निकेल आहे. तांबूस फोड दिसले तर मात्र तो गंज. कोकणातल्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाड्यांवर तो हमखास असतो, आणि मुळापासून खरवडला नाही तर नव्या रंगाखालून पुन्हा वर येतो.

क्रोम अ‍ॅसिडने उतरवायचे किंवा ग्राइंडरने उडवायचे उद्योग घरी करू नका. क्रोमियमची काही संयुगं कर्करोगाला कारण ठरतात, आणि रंगासाठी क्रोम काढावंच लागतं असंही नाही.

यानंतर प्रायमर. ग्रिलला मारतात तो लाल ऑक्साइड नको, धातूवर धरणारा इपॉक्सी प्रायमर मागा. कॅन चारशेच्या आसपास. पुसायला थिनर आणि मास्किंग टेप मिळून अडीचशे. रंग मारताना एकच जाड हात देण्याचा मोह होतो, आणि तिथेच ओघळ येतात. तीन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते कॅनवर छापलेलं असतं, तेच पाळा, नाहीतर खालचा थर सुरकुततो. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. दमट हवेत काळ्यावर पांढुरकी झाक बसते. दिवाळी ते होळी हा उत्तम काळ.

सायलेन्सर आणि बेंड पाइपचा हिशेब वेगळा. इंजिनजवळ बेंड पाइप इतका तापतो की क्रोमच निळं पडतं. तिथे साधा रंग पहिल्याच फेरीत जळतो. सुमारे ६०० अंश सेल्सियस सोसणारा उष्णतारोधक स्प्रे पाचशे ते सातशेला मिळतो. त्याच्याखाली साधा प्रायमर मारू नका, तोही जळेल. हा रंग तापूनच पक्का होतो: आधी थोडा वेळ इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग आणखी जास्त वेळ चालवा. धूर आणि वास येणारच, म्हणून हे मोकळ्यावर करा. सायलेन्सर खोलला तर गॅस्केट नवं टाका, शंभर रुपयांचा प्रश्न आहे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्रे मारणार असाल तर शेजाऱ्यांची पांढरी गाडी आधी हलवायला सांगा. फवारा तुम्हाला वाटतो त्याहून लांब उडतो, आणि त्या भांडणाचा खर्च या हिशेबात धरलेला नाही. कॅनमधला वायू पेटतो, तेव्हा जवळ गॅस गिझर किंवा उदबत्ती नको. कापडी मास्कने रंगाची वाफ अडत नाही. फिल्टरचा मास्क हजाराच्या आसपास येतो, तो घ्याच. काळ्यावर मारायचं ‘टू-के’ (दोन घटकांचं) पारदर्शक क्लिअर जास्त टिकतं हे खरं, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. ते काम पेंटरकडे द्या.

पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना ब्रशही लावू नका. त्यांचं हार्ड क्रोम ऑइल सीलवर घासत वरखाली होत असतं. रंग बसला की सील जाईल आणि तेल गळेल. ब्रेक डिस्कचा तर विषयच नाही. पेट्रोल टाकीचं झाकणही राहू द्या, कॅनचा साधा रंग पेट्रोलच्या थेंबाने मऊ पडतो. हँडलबार रंगवायचा तर केबल, स्विच, ग्रिप सगळं उतरवावं लागतं. मेकॅनिक त्याचे तीन-पाचशे घेईल. माझ्या मते रिमचं काम घरी परवडत नाही. स्पोकमध्ये शिरून घासण्यापेक्षा एमआयडीसीतल्या पावडर कोटिंगवाल्याकडून भाव काढा. पावडर १८०-२०० अंशांच्या भट्टीत पक्की होते, त्यामुळे टायर, ट्यूब, बेअरिंग काढूनच रिम द्यावी लागते. साधी पावडर सायलेन्सरला चालत नाही.

काळ्याच्या ओघात टाकीचा रंगही बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. गाडी वॉरंटीत असेल तर रंगवलेल्या भागाचा दावा नाकारला जाऊ शकतो.

आणि मूळ क्रोम चांगलं असेल तर त्याला हात लावण्याआधी जुन्या बाजारात एक फेरी मारा. पोचा नसलेली पण चमक गेलेली रिंग किंवा लेगगार्ड तिथे स्वस्तात मिळतो. तो रंगवून लावा आणि मूळचा कापडात गुंडाळून माळ्यावर टाका. गाडी विकताना गिऱ्हाईक क्रोमच मागतं.