फोटोग्राफीचे कॉलेज पारखावे कसे?

काल्हेरच्या गोदामांतून आज निघणारा बराच माल गिऱ्हाइकाने हात लावून नव्हे, फोटो पाहून मागवलेला असतो. म्हणून फोटोग्राफी शिकू पाहणाऱ्या मुलाला कोठे घालावे, हा प्रश्न आता आपल्या धंद्याचाही झाला आहे.

आम्ही एकदा मोरपंखी कापडाचे फोटो ट्यूबलाइटखाली काढून घेतले. फोटोत रंग निळा आला आणि निम्मा माल परत आला. फोटोग्राफरकडे डिप्लोमा होता, पण व्हाइट बॅलन्स त्याने कधी हाताने लावलाच नव्हता! राखाडी कार्ड मालाशेजारी ठेवून एक फोटो घेतला असता, तर संगणकावर रंग जुळवता आला असता.

दहावी झालेल्यांसाठी आय.टी.आय.मध्ये 'डिजिटल फोटोग्राफर' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. मात्र तो सगळ्या आय.टी.आय.मध्ये नसतो, आधी चौकशी करावी. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन मुंबईत सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत चार वर्षांची पदवी घेता येते. तेथे फोटोग्राफी जाहिरातकलेच्या सोबतीने शिकवतात. कॉलेज सी.एस.एम.टी.जवळ आहे, ठाण्याहून लोकलने जाता येते.

कॉलेजात गेल्यावर इमारत पाहू नये. रॉ फाइलवर काम करवतात का? मॉनिटरचे रंग यंत्राने तपासतात का? मुलाच्या हातात कॅमेरा आठवड्यातून किती तास येतो? हे विचारावे. बारीक विणीच्या कापडावर फोटोत लाटा का उमटतात, हेही विचारावे. ताण्याबाण्याची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींत अडकली की असे होते, अंतर किंवा कोन बदलला की लाटा जातात. उत्तर आले नाही तर दुसरे कॉलेज बघावे.

सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांत मतभेद आहेत, पण थानाच्या फोटोला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती डाग पुसण्याला. ओले धान्य खाली लपवणाऱ्या विक्रेत्याला रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारातच टोकले होते. संगणकावर मालाचा दोष मिटवणे त्याच जातीचे. शिक्षक हा फरक सांगतात का, तेही पाहावे.

जाताना आपल्याच मालाचा वीतभर तुकडा न्यावा. शेवटच्या वर्षाच्या मुलाकडून त्याचा फोटो काढून घ्यावा आणि खिडकीच्या उजेडात तुकडा पडद्याशेजारी धरावा.