विहिरीचा आकडा संगणकास पाठविण्याची रीत

विहिरींतील पातळी मोजणारें यंत्र बसविलें म्हणजे काम झालें, असें पुष्कळ बागायतदार समजतात. परंतु मोजलेला आकडा नोंद ठेवणाऱ्या संगणकाकडे पोंचला नाहीं, तर विहीर आटूनही पंप कोरडा चालतो व जळतो. म्हणून आकडा पाठविणारा लहानसा प्रोग्राम कसा लिहावा, हें येथें सांगतों.

नोंदीसाठीं ‘ग्राफाईट’ ही प्रणाली सोयीची आहे. अमेरिकेंतील ऑर्बिट्झ कंपनींत क्रिस डेव्हिस यांनीं ती २००६ सालीं रचली; २००८ पासून ती सर्वांस मोफत खुली आहे. तिचा ‘कार्बन’ हा भाग २००३ क्रमांकाच्या पोर्टवर आकड्यांची वाट पाहत असतो.

पाठवावयाच्या ओळीचे भाग तीन: नांव, आकडा व वेळ. त्यांच्यामध्यें एकेक मोकळी जागा सोडावी. नांवाच्या आंत मात्र ती नसावी, शब्द टिंबांनीं जोडावे. वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत द्यावी. पायथन भाषा ती आपण होऊन काढून देते. शेवटीं नव्या ओळीचें चिन्ह अवश्य घालावें.

कृति अशी:

१. पायथनमधील ‘सॉकेट’ या साधनानें संगणकाचा पत्ता व पोर्ट देऊन जोडणी करावी. दहा सेकंदांची मर्यादा घालावी.

२. ओळ बाइटांत बदलून ‘सेंडऑल’ आज्ञेनें पाठवावी. नुसत्या ‘सेंड’नें कधीं कधीं अर्धाच मजकूर जातो.

३. जोडणी बंद करावी. हें काम दर मिनिटास आपोआप व्हावें अशी योजना करावी.

आतां मुख्य सावधगिरी. कार्बन पोंचपावती देत नाहीं. माल गाडींत चढला म्हणजे अडत्याकडे उतरला असें होत नाहीं, तसेंच हें. आम्ही प्रथम नव्या ओळीचें चिन्ह विसरलों. प्रोग्राम विनातक्रार चालला, पण आलेख रिकामाच राहिला. करितां आलेखावर आकडा उमटलेला डोळ्यांनीं पाहावा. जोडणी न झाल्यास ओळ मूळ वेळेसह फाइलींत ठेवून मागाहून पाठवावी. ती आपल्या जागींच बसते. या पोर्टास परवलीचा शब्द नसतो, म्हणून तें इंटरनेटवर उघडें ठेवूं नये.

आकडा न येणें म्हणजे शून्य नव्हे, आणि ‘सर्व ठीक’ असेंही नव्हे. दहा मिनिटें आकडा न आल्यास पंप बंद करावा व विहीर स्वतः जाऊन पाहावी.