फी भरायची तारीख आधी काढा

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की घराघरांत दोन चर्चा सुरू होतात. शाखा कुठली, कॉलेज कुठलं, कट-ऑफ किती, ही चर्चा सगळ्यांसमोर होते. दुसरी चर्चा होते ती मुलं झोपल्यावर, दबक्या आवाजात: पैसे कुठून काढायचे?

पैसे साठवलेलेच नसतात असं नाही. काटकसरीत आपली मध्यमवर्गीय घरं कमी पडत नाहीत. आईची भिशी असते, पतसंस्थेत ठेव असते, बारशाच्या सुमारास ओळखीच्या एजंटाने गळ्यात मारलेली पॉलिसी असते, तालुक्याच्या गावी दोन गुंठे जागा असते. पण कॅप राउंडमध्ये कॉलेज मिळालं की प्रवेश पक्का करायला मोजकेच दिवस हातात असतात. तेवढ्यात जागा विकली जात नाही, आणि विकलीच तर पडेल त्या भावाने. ठेव मुदतीआधी मोडली की व्याज कापलं जातं. पॉलिसीची मुदत बघावी तर मूल तिसऱ्या वर्षाला गेल्यावर संपणारी.

म्हणून ‘महिन्याला किती टाकू?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी आधी एक हिशेब करायला लावतो. तुमचं मूल बारावी कधी होणार? समजा मुलगी २०२३ च्या मध्यावर जन्मली. २०२९ मध्ये पहिलीत जाईल, मार्च २०४१ मध्ये बारावीची परीक्षा देईल. म्हणजे पहिली मोठी रक्कम २०४१ च्या पावसाळ्यात लागणार. आता पर्याय या तारखेशी ताडून बघा.

पीपीएफची मुदत १५ वर्षांची, पण ती मोजतात खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून. २०२५-२६ मध्ये उघडलेलं खातं १ एप्रिल २०४१ ला मोकळं होतं. नेमकं वेळेवर! हेच खातं दोन वर्षं उशिरा उघडलं तर पूर्ण रकमेसाठी कॉलेजचं दुसरं वर्ष संपेपर्यंत थांबावं लागेल; मधल्या काळात काही भागच काढता येईल.

सुकन्या समृद्धीचं उलट आहे. २०१५ मध्ये आलेली ही योजना व्याजाला चांगली. जानेवारी २०२४ मध्ये दर ८.२ टक्के झाला, आणि सरकार दर तिमाहीला त्याचा आढावा घेतं. मुलगी १० वर्षांची व्हायच्या आत खातं उघडायचं, वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरायचे, तेही १५ वर्षं. खातं मात्र पिकतं २१ वर्षांनी. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं २०२५ मध्ये उघडलेलं खातं २०४६ मध्ये पिकेल, तेव्हा ती तेवीस वर्षांची असेल. दहावी पास झाल्यावर किंवा १८ पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच. थोडक्यात, सुकन्या पदवीला अर्धी आणि पदव्युत्तरला पुरी उपयोगी. ‘सुकन्या आहे ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्या पालकांना हे निम्म्याचं कलम बहुधा ठाऊक नसतं.

आता रकमेकडे वळू. महिना ५,००० रुपये ८ टक्क्यांनी १५ वर्षं वाढले तर सव्वासतरा लाखांच्या आसपास होतात. सुरुवात पाच वर्षं लांबवली, तर तेवढ्याच हप्त्याचे १० वर्षांत जेमतेम नऊ लाख. भरणा तीन लाखांनी कमी झाला, हाती येणारी रक्कम आठ लाखांनी. मात्र फीसुद्धा गप्प बसत नाही. आज चार वर्षांना मिळून चार लाख लागणारा अभ्यासक्रम दरसाल ८ टक्क्यांनी महागला, तर १५ वर्षांनी पावणेतेरा लाखांच्या घरात जातो.

म्हणूनच काही भाग म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत ठेवायला माझी हरकत नाही, मूल लहान असेपर्यंत. दहावीपासून मात्र त्यातली रक्कम टप्प्याटप्प्याने काढून एफडीत आणावी. २०२० च्या जानेवारीतल्या उच्चांकावरून सेन्सेक्स मार्चपर्यंत एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता. बाजार पुढे सावरला, पण त्या वर्षी बारावीला मूल असलेल्या घराला तेवढं थांबायची सोय कुठे होती?

या सगळ्याला एक मोठी गळती आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कॉलेजसाठी राखलेला पैसा अकरावी-बारावीतच संपतो. लातूरला किंवा कोट्याला क्लास, तिथली खोली, मेस, टेस्ट सिरीज, आणि मनासारखे मार्क नाही पडले तर रिपीटचं वर्ष. क्लास लावूच नका असं मी म्हणणार नाही. पण त्याचं खातं वेगळं ठेवा आणि वरची मर्यादा आठवीतच ठरवा, कारण अकरावीत शेजारचा मुलगा कुठे जातोय हे बघून ठरवलेला आकडा कधीच खाली येत नाही.

सरकारी सवलती हिशेबात जरूर धरा, पण अटी वाचून. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोटा, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. शिवाय पुण्यातल्या कॉटबेसिसचं भाडं आणि मेसचं बिल कुठल्याच शुल्कमाफीत बसत नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, यांसाठी सेतूत निकालानंतर रांग लावू नका. बारावीची परीक्षा संपली की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

आणि मुलांनो, हे तुमच्यासाठी. शैक्षणिक कर्ज घेतलंत तर कर्जदार तुम्ही असता, आई-बाबा सहकर्जदार. हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी व्याजात ३ टक्के सवलतही आहे. तुमच्या पसंतीचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे ऑप्शन फॉर्म भरण्याआधी बघा. कागद घ्या, प्रत्येक कॉलेजसमोर चारही वर्षांचा पूर्ण खर्च लिहा, राहण्या-खाण्यासकट, आणि पसंतीक्रम लावायच्या आदल्या रात्री तो आई-बाबांसमोर ठेवा.